दसऱ्यापर्यंत राखलेलं गवत

आमच्या घरातला बी.एस्सी. झालेला मी पहिलाच. राळेगावकडे वन्यप्राण्यांच्या पाहणीचं काम मिळालं, तेव्हा मी स्वतःला फार जाणता समजत होतो. कापसाची ती वाईट वर्षं होती. पुढे जमिनींचा वापर बदलला तर प्राणी कुठे सरकतील, याचा नकाशा तयार व्हायचा होता. गावोगावच्या जमिनी फॉर्मवर नोंदवणं माझं काम. ‘पडीक’ लिहिलेली जमीन पुढेमागे नांगरली जाणार असंच नकाशात धरत, आणि मग तिथले प्राणीही पुसले जात.

एका गावाच्या ई-क्लासवर, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर, ऐन श्रावणात मला चरणारं एकही जनावर दिसलं नाही. मी ‘पडीक’ लिहून टाकलं. गावाची गुरं राखणारे ढोरकीमामा शेजारीच बसले होते.

“काय लिवलं, भाऊ?”

मी वाचून दाखवलं.

“पडीक? अरे बाप्पा! कॉलेजात गवत शिकवत नाहीत काय? दसऱ्यापर्यंत इकडं ढोरं येऊच देत नाही मी. बी पडल्याबिगर गवत वाढन कसं? माह्या बापापासून राखून राह्यलो.”

ते मला कमरेएवढ्या गवतात घेऊन गेले. आत रोहीच्या, म्हणजे नीलगाईच्या, लेंड्यांचा मोठा ढीग होता. खालच्या लेंड्यांची माती झालेली, वरच्या ताज्या.

“रोही फिरून फिरून इथंच येते. हे गवत मोडलं तं कुठं जाईन तो? कपाशीत. मंग लोकं काठ्या घेऊन त्याच्या मांगं, अन् मी हात जोडून लोकाइच्या मांगं!”

नकाशा जे सांगणार होता, ते मामांनी एका ढिगाजवळ उभं राहून सांगितलं होतं. शाळेत न गेलेल्या त्या माणसापुढे मला माझ्या पदवीची लाज वाटली नाही. ती कुठे वापरायची ते कळलं. ‘पडीक’ खोडून मी समासात लिहिलं, ‘गावाने राखलेलं कुरण. रोह्यांचा कायम वावर.’ फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता. वरिष्ठांना ते पटवायला मला दोनदा यवतमाळला जावं लागलं.

पुढच्या पावसाळ्यात मी छापलेला नकाशा मामांना दाखवला. नांगरल्या जाणाऱ्या जमिनींच्या पिवळ्या पट्ट्यात ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका होता.

“एवढंच?”

“एवढंच, मामा. पण आहे.”

तेवढ्यात एक गाय त्या गवताकडे वळली. नकाशा माझ्या हातात कोंबून मामा तिच्या मागे धावले.