भिंतीकडची सायकल

पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये सायकलींचा जुना रिवाज आहे. कुलूप कोणी लावत नाही. ज्याची पाळी सुटली त्यानं गेटजवळची पहिली सायकल घ्यायची आणि सकाळी परत आणून लावायची. बिघडलेली सायकल मात्र मागच्या भिंतीकडे उलटी करून ठेवायची. तिला कोणी हात लावत नाही.

कवडू चौधरी तिथे अठ्ठावीस वर्षं फिटर आहे. गेल्या माघात त्याच्या सायकलीचे ब्रेक गेले. तीन दिवस तो ती जपून आणायचा आणि आठवणीनं भिंतीकडे उलटी करायचा. चौथ्या दिवशी भोंगा होऊन गेला होता. कवडू धावतपळत आला, सायकल गेटजवळच लावली आणि आत शिरला.

संध्याकाळी मनोहर मेश्राम आधी सुटला. वीस वर्षं दोघांनी एकाच यंत्राच्या दोन बाजूंना उभं राहून काम केलं होतं. मनोहरनं गेटजवळची पहिली सायकल घेतली आणि तो सावरगावकडे निघाला. जाम नदीच्या पुलाआधीच्या उतारावर कापसाची ट्रॉली उभी होती.

कवडू मनोहरचीच सायकल घेऊन घरी पोचला, तेव्हा मनोहर गेल्याची बातमी यायची होती. मोडलेली सायकल मनोहरच्या घरी गेली. कोणी काही विचारलं नाही. कवडूही बोलला नाही.

वर्ष झालं. सुपरवायझर वैभवनं मनोहरच्या आठवणीत सायकल फेरी ठरवली, पांढुर्णा ते सौंसर. जितके कामगार पोचतील, तितक्या सायकली जिनिंगचे शेठ सावरगावच्या शाळकरी मुलींना देणार. अकरा नावं आली. पहिलं कवडूचं, तेही वैभवनंच लिहिलेलं. "मनोहरभाऊचे जोडीदार तुमीच," तो म्हणाला.

झेंडी दाखवायला मनोहरची बायको इंदू गेटवर आली होती. तिला आज सांगायचंच, असं कवडू ठरवून आला होता.

"काहो कवडूभाऊ, सासुरवाडीले चालले का? शर्टाले इस्त्री!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. कवडू तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"वहिनी, एक सांगाचं होतं."

"वापस आल्यावर सांगा, भाऊ. लोकं खोळंबून राहिले." तिनं झेंडी खाली केली.

कवडू मनोहरच्या सायकलवर होता. प्रत्येक उतारावर त्यानं दोन्ही ब्रेक दाबून धरले. बाकीचे दहा जण केव्हाच पुढे गेले. जामसावळीच्या फाट्यावर तो उतरला आणि माघारी वळला. मग कुठल्यातरी मुलीची सायकल जाईल, हे ध्यानात आलं. त्यानं पुन्हा सौंसरचा रस्ता धरला.

तो शेवटचा पोचला. अकरा झाले म्हणून टाळ्या वाजल्या. सायकली परत न्यायला टेम्पो उभा होता.

"मी सायकलनंच जातो," कवडू म्हणाला.

"डोकं फिरलं का, भाऊ? पाय पाहा तुमचे, थरथर करून राहिले," वैभव म्हणाला.

"करू दे."

परतीचा रस्ता कोणी मोजणार नव्हतं. दिवस कलता कलता तो पूल ओलांडून सावरगावात शिरला. इंदू ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. सायकल भिंतीला टेकवून तो उभाच राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. ब्रेक, भोंगा, गेट.

ती सोलत राहिली.

"आमच्या घरी आली थे सायकल यांची नव्हती, हे मले मालूम होतं," ती म्हणाली. "तिले घंटी होती. यांच्या सायकलीले घंटी नोती. पण कोनाची, हे मी इचारलं नाही. जिनिंगात सगळ्यायच्याच असतात ना. एकाचं नाव निंघालं असतं, तर मंग त्याचं तोंड पाहावं लागलं असतं."

तिनं सोललेले दाणे सुपात टाकले.

"ब्रेक कवा गेले होते?"

"तीन दिवस आधी."

"तीन दिवस," ती म्हणाली. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती म्हणाली, "सायकल राहू द्या इथंच. तुमी पायी जा."

"हाव, वहिनी."

तो पुलाच्या रस्त्याला लागला. वळणावरून त्यानं मागे पाहिलं. इंदू सायकलजवळ उभी होती. तिनं हँडल धरून सायकल दोन हात पुढे ढकलली आणि ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी थांबली. तिनं ती पुन्हा ढकलली, पुन्हा ब्रेक दाबला.