फ्रिजातली पावडर

पोट तपासायच्या दुर्बिणीच्या खोलीत किस्से साठतात ते दुर्बिणीच्या नळीतल्या घाणीसारखे. कितीही ब्रश घाला, थोडं राहतंच. राहात्याच्या एका दवाखान्यात मी एकवीस वर्षं ही नळी धुतली. शाळा चौथी. लोक मला मामा म्हणतात आणि मागं खवट म्हणतात. खवट नसतो तर नातेवाइकांनी तपासायच्या टेबलावर डबे उघडले असते.

* * *

आधी पोटात रक्त सुटलं की डॉक्टरांना पडद्यावर नुसतं लाल दिसायचं. पाणी मारा, ओढा, पुन्हा लाल. जागा सापडली तर बारीक क्लिप लावायची, न्हाई सापडली तर देव.

मी पेशंटचा हात धरून बसायचो. सिस्टर एकदा खेकसल्या, "मामा, हात काय धरता, सक्शनकडं बघा."

म्हटलं, "सक्शनकडं मशीन बघतंय. ह्याच्याकडं कोन बघतंय?"

तेव्हापासून हात धरायचं काम माझ्याकडं लागलं.

* * *

मग ती पावडर आली. कंपनीचा टायवाला माणूस आला, काचेच्या ग्लासात लाल पाणी घेतलं आणि बटण दाबून नळीतून पावडर फुंकली. जिथं ओल तिथं ती चिकटली, घट्ट थर झाला. जागा नेमकी सापडली न्हाई तरी चालतं म्हणे, वरून फवारायचं.

डॉक्टर खूश. "काय मामा, कसं वाटलं?"

म्हटलं, "आमच्याकडं पिठलं असंच बिघडतं. पण टाळ्या कोनी वाजवत न्हाई."

डॉक्टर हसले. टायवाला हसला न्हाई.

* * *

पहिली पावडर शिर्डीत फुलं विकणाऱ्या एका म्हातारीच्या लेकाला मारली. घमेलंभर रक्त ओकला होता. डॉक्टरांनी फुंकली आणि लाल पडदा पांढरा झाला.

बाहेर म्हातारी उदीची पुडी घेऊन उभी. "डाक्टर, हीबी आत टाका."

"आजी, ती कपाळाला लावा."

डॉक्टरांनी तिला पोटातला फोटो दाखवला. म्हातारी फोटोकडं बघून म्हणाली, "टाकली की तुमी आदीच. मला काय दिसत न्हाई व्हय?"

पुढच्या आठवड्यात दोन माणसं विचारत आली, "उदीवाले डाक्टर कुटं बसत्यात?" मी दार दाखवलं. डॉक्टर चार दिवस माझ्याशी बोलले न्हाईत.

* * *

हा किस्सा मी कुणाला सांगत न्हाई. लिहितोय, कारण लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं.

एका पेशंटसाठी पावडरीचं पाकीट फाडलं, पण क्लिपवर भागलं. दुसरं पाकीट दवाखान्यात नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "मामा, नीट ठेवून द्या."

आता आमच्या खोलीत भारी औषध म्हणजे फ्रिज. इंजेक्शनं फ्रिजात, रक्ताच्या पिशव्या फ्रिजात. मीही पावडर फ्रिजात ठेवली, वरच्या खणात, मानानं. पाकिटावर इंग्रजीत काय काय लिहिलेलं होतं. सिस्टरला विचारायचं तर कमीपणा वाटला.

दोन दिवस लाईट येत-जात होती. फ्रिजाला घाम फुटायचा, मी फडक्यानं पुसायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दत्तूला आणलं. मिरजगावकडचा, ऊस तोडायला इकडं आलेला. अंगदुखीच्या गोळ्या फुटाण्यासारख्या खाऊन पोटात जखम केलेली. मी हात धरला. कोयत्यानं घट्टे पडलेला हात, आणि गार.

म्हणाला, "मामा, माझी खेप अर्धी राह्यलीय."

म्हटलं, "राहू दे. ऊस काय पळून चाललाय?"

क्लिप बसेना. डॉक्टर म्हणाले, "पावडर." मी धावत फ्रिजातून काढून दिली. डॉक्टरांनी बटण दाबलं. काहीच आलं न्हाई. परत दाबलं. आत ओल धरून पावडरीचा खडा झाला होता.

दत्तू माझ्या हातातच गेला.

* * *

संध्याकाळी मी डॉक्टरांकडं गेलो. "फ्रिजात मी ठेवली हुती."

ते बराच वेळ हात धूत होते. मग म्हणाले, "मामा, एवढं रक्त पावडरीनंही थांबलं नसतं."

हे खरं होतं का मला झोप लागावी म्हणून होतं, ते मी विचारलं न्हाई. झोप लागली न्हाई, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी मराठीत चिठ्ठी लिहून कपाटावर चिकटवली: 'पावडर इथे. कोरड्या जागी.' माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मामा, वाचता येतं ना एवढं?"

"येतं," म्हटलं. एरवी मी दोन शब्द जास्त बोललो असतो.

* * *

दहावं-तेरावं उरकून दत्तूची बायको कौसा आली. कागद न्यायला. कागद मिळाले तरी जाईना. दुर्बिणीच्या खोलीच्या दारात उभी.

"तुमीच हात धरला हुता ना, मामा?"

"व्हय."

"आमच्या टोळीत समदे म्हनत्यात, गरिबाला नवीन औषध कोन मारतंय. मला एवढंच सांगा. ती पावडर मारली हुती का?"

आत डॉक्टर होते. त्यांचा पाण्याचा नळ बंद झाला.

"मारली हुती," मी म्हटलं.

तिनं डोळे पुसले. "मग समदं केलं म्हनायचं तुमी."

पदराच्या गाठीतून तिनं उदीची एक पुडी काढली. आधी ती शिर्डीला जाऊन आली होती. माझ्या हातावर ठेवली आणि वाकून पाया पडली.

मी कपाट उघडलं. चिठ्ठीच्या मागं, पावडरीच्या शेजारी पुडी ठेवली. कोरड्या जागी.