फक्कीनं आखलेलं घर

फक्कीमामा घर बांधायच्या आधीच त्यात माणसांना राहायला लावत. मोकळ्या प्लॉटवर चुन्याच्या फक्कीनं खोल्या आखायच्या आणि घरच्यांनी दिवस मावळेपर्यंत त्या रेघांच्या आत राहायचं, जाणं-येणं फक्त आखलेल्या दारातून. केदारखेड्याच्या आसपास गवंडी पुष्कळ होते, पण हा खेळ मांडणारे हे एकटेच.

मी तिथल्या शाळेत मास्तर. भाड्याच्या घरावर पत्रे आणि आईला दमा. उन्हाळाभर ती छातीवर ओलं फडकं घेऊन पडे. "एवढा उन्हाळा काढते, पुढचा न्हाई निघायचा," असं तिनं सांगितलं तेव्हा मी मामांकडे धावलो आणि स्लॅबचं घर मागितलं.

"गुरुजी, स्लॅब दिवसभर ऊन पितो अन् रातभर तुम्हाला पाजतो," मामा म्हणाले. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर मातीचंच माळवद, विषय संपला. माझ्या प्लॉटच्या पश्चिमेचा कडुनिंब तोडला तर एक खोली जास्त निघेल, असं मी सुचवून पाहिलं. "खोली निघंल. तिच्यात बसंल कोण?"

चैत्रात आमचा दिवस आला. बायकोनं आखलेल्या स्वयंपाकघरात चूल पेटवली आणि धूर थेट आईच्या खोलीत. मामा असे खूश झाले की विचारू नका. "भिंती उठल्यावर कळलं असतं मंग?" म्हणत त्यांनी पायानंच रेघ पुसली आणि स्वयंपाकघर पूर्वेला नेलं. निंबाची सावली सरकेल तशी तिच्या कडेनं फक्की टाकत ते फिरत होते. दुपार कलल्यावर सावली जिथं दाटली, तिथं आईची खोली. मोरीचं पाणी केळीला. भिंतीचा पत्ता नव्हता, पण मला घर दिसायला लागलं होतं. त्या आनंदात मी दोनदा दार सोडून भिंतीतून गेलो आणि दोन्ही वेळा बोलणी खाल्ली.

घर झालं. पण मास्तर असून मातीच्या घरात राहतो, हे मला डाचत होतं. मामा घनसावंगीकडे कामाला गेले तेव्हा मी गुपचूप बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून घेतला. पावसाळ्यात आत ओल कोंडली आणि आईच्याच खोलीची भिंत फुगून तिची मोठी खपली कोसळली. मामांनी येऊन भिंतीवर हात फिरवला.

"मातीला श्वास लागतो, गुरुजी. आईला दमा हाय तेवढा पुरं न्हाई का, भिंतीलाबी लावून दिला?"

उरलेला गिलावा त्यांनी माझ्याकडूनच खरवडून घेतला आणि शेणमातीनं भिंत लिंपून दिली.

पुढच्या वैशाखात ते भर दुपारी आले. आई गाढ झोपली होती, छातीवर फडकं नव्हतं. मामा उंबऱ्याबाहेरच थांबून तिचा श्वास ऐकत राहिले. "उठवू नका," ते हळूच म्हणाले. "घर बराबर झालं."

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. आई त्या खोलीत आणखी अकरा उन्हाळे झोपली.

परवा मुलानं जालन्यात प्लॉट घेतला. नकाशा तयार आहे म्हणाला. "त्यात एक दिवस राहून पाह्यलंस का?" मी विचारलं आणि फक्की आणायला निघालो.