पदराची गाठ

मथुराबाई फाटक्या तोंडाच्या होत्या, हे आधीच सांगून टाकते. उगाच देवी करून मखरात बसवायला नको. सयाजीराव महाराजांच्या अमदानीत नागरवाड्यात त्या आमच्या शेजारी राहायच्या. नवरा पागेत स्वार होता. तो गेल्यावर मांडवीच्या सराफांसाठी मंगळसूत्रं गाठायचं काम त्या घरीच करत. आम्ही मुलं त्यांच्या ओसरीवर मणी वेचायचो आणि शिव्या खायचो. ती ओसरी, तो तपकिरीचा वास आठवला की अजून जीव तिकडं ओढ घेतो.

माझा धाकटा भाऊ गोविंद जेमतेम सहाचा होता, तेव्हा आमच्या आईच्या छातीत गाठ झाली. डॉक्टरांनी हात टेकले. घरात मोठी माणसं "गाठ, गाठ" कुजबुजायची आणि आम्ही दिसलो की म्हणायची, "आईला जरा बरं नाही, खेळायला जा." तिच्या खोलीत जायची आम्हाला बंदी झाली.

मग गोविंदानं घरातल्या गाठी सोडायला सुरुवात केली. धुण्याची दोरी, वडिलांच्या अंगरख्याचे बंद, गाईचं दावं. गाय पार मांडवीपर्यंत फिरून आली! अहल्याआत्यानं त्याला बडव बडव बडवलं, पण पठ्ठ्या ऐकेना. शेवटी त्यानं ओसरीवरचं कुणा नवरीचं नवंकोरं मंगळसूत्र सोडलं आणि मणी घरंगळत गटारात गेले. मला वाटलं, आता मथुराबाई याला सोलून काढणार.

"केम रे दीकरा, माझ्या पोटावर पाय का देतोस?"

"आईची गाठ सोडतोय," तो हुंदके देत म्हणाला. "मीच मारली होती. चणे आणायला विसरू नये म्हणून तिच्या पदराला. खूप घट्ट मारली."

मथुराबाईंनी तपकिरीची डबी खाली ठेवली. "ती पदराची, वेड्या. ही अंगातली. ही कुणी मारत नाही आणि कुणाला सोडवता येत नाही. डॉक्टरला नाही, मला नाही."

"मग आई मरेल?"

"हो रे राजा. मरेल." त्याला पोटाशी धरून त्या रडल्या. इतकं खरं तोवर आमच्याशी कुणीच बोललं नव्हतं. मला तर हायसंच वाटलं.

मग आम्हा दोघांना हाताला धरून त्या थेट आईच्या खोलीकडे निघाल्या. आत्या आडवी आली. "बेस ने हवे! बस गप. आई अजून आहे त्यांची," म्हणून मथुराबाईंनी तिला बाजूला सारलं.

सगळं ऐकून आई हसली आणि तिनं पदर पुढं केला. "मार गाठ. तिकडं गेल्यावर मी तुला विसरायला नको." गोविंदाचा हात पुढं होईना. कशीबशी त्यानं सैल गाठ मारली. त्यानंतर आम्ही रोज तिच्यापाशीच बसायचो. तेच दिवस मला सगळ्यांत जास्त आठवतात.

दिवाळीच्या आधी आई गेली. बायकांनी तिला नवं हिरवं लुगडं नेसवलं. गोविंद पाहत राहिला, मग म्हणाला, "याला गाठ नाही."

आत्या त्याला बाहेर न्यायला उठली. मथुराबाईंनी आईचा पदर उचलून त्याच्या हातात दिला. "मार, दीकरा."

त्यानं मारली. या खेपेला घट्ट.