कमळाच्या हातचा काढा

कमळाच्या हाताला गुण आहे असं पंचक्रोशीत म्हणत. अडुळशाची पिवळी पडलेली पानं, आलं, मिरी, खडीसाखर. एवढंच ती घालायची. सासूने दोनच अटी सांगितल्या होत्या. पैसे घ्यायचे नाहीत, दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही. सावर्ड्याच्या बाजाराहून परतणारी माणसं वाट वाकडी करून यायची. एकदा मंडणगडहून एक बाई आली. कमळाचा नवरा हरिश्चंद्र कामाला जायचा त्या चिरेखाणीवर ती गोष्ट सगळ्यांना ऐकवायचा.

पावसाच्या तोंडाला तोच खोकू लागला. काढ्याने आठ दिवस बरं वाटे, मग पुन्हा उबळ. भात कापून झालं. त्याच्या पँटीला सुतळी बांधावी लागली.

"अवो, छातीचा फोटो काढून या," ती म्हणाली.

"नि लोकांनी काय म्हणायचं? मंडणगडची बाई तुझ्या दारात नि तुझा नवरा डॉक्टरच्या?"

"म्हणू देत."

"तुला काय जातंय गो. खाणीवर मला तोंड दाखवायचंय."

मग तिने त्याचा काढा बंद केला. खोकला सहन होईनासा झाला की जाईल आपणहून, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून शेजारचा, खाणीवरचाच रघू रिकामी बाटली घेऊन येऊ लागला.

"वहिनी, रात्री झोप नाय. खोकला."

ती बाटली भरून द्यायची. दीड महिना तो रोज सकाळी आला. ओटीवर बसायचा, चहा प्यायचा, खाणीवरच्या गमती सांगायचा. एकदाही खोकला नाही. बाटली खाणीवर कुणाच्या हातात जाते, ते तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. तरी ती बाटली भरत राहिली. रघूला नाही कसं म्हणायचं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

संक्रांतीला हरिश्चंद्रच्या थुंकीत रक्त दिसलं. रघूनेच रिक्षा आणली. तिच्याकडे मात्र बघितलं नाही.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. "आठ महिने? इतके दिवस काय घेत होता?"

"कायच नाय, साहेब," हरिश्चंद्र म्हणाला.

डॉक्टर कमळाकडे वळले. "आणि बाई, तुम्ही नुसत्या बघत बसलात?"

ती हरिश्चंद्रला हात देऊन उठवू लागली.

"तुझं नाव नाय काढलं," बाहेर आल्यावर तो म्हणाला, उपकार केल्यासारखं. त्यानंतर तो दीड महिना जगला.