फिदेलाच्या दारावरची पिशवी

सातुरियोने सगळी उमर मेंढ्यांमागे काढली. लांडगा समोर आला तरी तो कधी डगमगला नाही, पण फिदेला येताना दिसली की रस्ता बदलायचा. वाल्देब्रेसो गावात रस्ते मोजून तीन, त्यामुळे हे काम लांडगा हाकलण्याहून अवघड होतं.

बाकी माणूस सुखी. लग्न केलं नाही आणि न केल्याचं दुःखही केलं नाही. सकाळी चुलीवर कॉफी, दुपारी कास्तोच्या बारमध्ये पत्ते, आणि हरला की पत्त्यांना शिव्या. गुडघे कुरकुरायला लागले की तो त्यांच्यावर खेकसायचा आणि पुन्हा डोंगर चढायचा. सान मार्तिनच्या सणाला अख्ख्या गावाच्या मिगासची कढई त्याच्या हाती असायची. त्या दिवशी त्याचा तोरा काही औरच.

मिगास म्हणजे शिळ्या पावाचा कुस्कराच. आदल्या संध्याकाळी मिठाच्या पाण्याने ओलवून ठेवायचा, सकाळी चौकात डुकराच्या चरबीत लसूण घालून परतायचा. ताटंबिटं कोणी मांडत नाही. सगळे कढईभोवती उभे राहतात, एक चमचा घेतात आणि एक पाऊल मागे सरतात, म्हणजे पुढच्याला जागा होते. मध्ये तोंडात एखादं द्राक्ष. पाव घरोघरचा असतो, आणि ज्याचा पाव कढईत, त्याचा चमचाही कढईत.

फिदेलाचा पाव मात्र कित्येक वर्षांत कढईत पडला नव्हता. कढईचं लांब दांड्याचं उलथनं तिच्या नवऱ्याचं, एलादियोचं. तो आणि सातुरियो मिळून मेंढ्या राखायचे. एलादियो गेला त्या वर्षीच्या सणाला गर्दीतून कोणीतरी ते उलथनं सातुरियोच्या हातात दिलं आणि त्याने परतायला सुरुवात केली. मित्राचं काम अडू नये एवढंच त्याच्या मनात होतं. तिच्या दारी जाऊन एकदा विचारावं, हे काही त्याला सुचलं नाही. तेव्हापासून सणाला तिच्या खिडक्या बंद. चूक उमगेपर्यंत वर्ष उलटलं, मग विचारायची लाज वाटू लागली. तिच्या दारापर्यंत जायचा आणि कुत्र्याला फिरवायला आल्याचं सोंग करून परतायचा. कढईभोवती सगळं गाव दिसायचं, पण ती एक जागा रिकामी दिसली की त्याला स्वतःच्या हातचं गोड लागायचं नाही.

यंदा आदल्या दिवशी दुपारी तो पाव गोळा करायला निघाला. सणाच्या आदल्या दुपारी दारावर टांगलेली पिशवी कढईची, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक. वळणावर येऊन तो थबकला. फिदेलाच्या दारावर पिशवी होती.

त्याने ती काढली ती तान्ह्या बाळाला उचलावं तशी.

संध्याकाळी पाव कापायला बसल्यावर कास्तोने एक तुकडा दाबून पाहिला. "अरे सातुरियो, हा तर ताजा आहे. लगदा होईल सगळा."

"तिचा आहे," सातुरियो म्हणाला.

"कुणाचा का असेना!"

"काप म्हटलं ना."

सकाळी कढईत खरंच लगदा झाला. सातुरियो घामाघूम होऊन परतत होता, तेवढ्यात फिदेला तरातरा चौकात आली.

"माझा पाव कोणी नेला? पाववाल्याची गाडी काल बिघडली, तो सकाळऐवजी दुपारी आला आणि पिशवी दारावर टांगून गेला. मी बहिणीकडे. आता लेक जेवायला येतेय आणि घरात पावाचा तुकडा नाही!"

कास्तोने हनुवटीने कढई दाखवली आणि हळूच दोन पावलं बाजूला झाला.

सातुरियोचा चेहरा उतरला. म्हणजे तिने दिलाच नव्हता. "फिदेला, तो... कढईत आहे."

"ताजा पाव? मिगासमध्ये?" तिने कढईत डोकावलं. "हे काय केलंयस? भिंतीला लावायचा गिलावा?"

"मला वाटलं, तू दिलास."

"ताजा पाव कोण देतं रे मेल्या! एवढंही कळत नाही?"

"कळत होतं. पण वाटलं, तू मला माफ केलंस. मग मऊ की कडक, बघितलंच नाही."

फिदेलाने बाह्या वर सारल्या. मग म्हणाली, "सरक."

तिने उलथनं घेतलं. "निखारे बाजूला ओढ. चरबी आण अजून. उभा काय राहिलास?" उलथन्याच्या कडेने ती गोळे फोडत गेली, मंद आचेवर परतत गेली. डाव्या पायावर भार देऊन उभी होती, अगदी एलादियोसारखी. हळूहळू कुस्करा सुटा झाला, त्याचा खमंग वास सुटला.

"त्याचं उलथनं घेताना तुला विचारायला हवं होतं," सातुरियो हलकेच म्हणाला. "चुकलो मी."

"एवढं बोलायला इतकी वर्षं?"

"मेंढ्यांशी बोलायची सवय. त्या रुसत नाहीत."

"त्यांना कोणी उपाशी ठेवून सण केला नाही म्हणून!" ती फणकारली, पण ओठ दाबून हसत होती. "चमचा आण माझ्यासाठी. माझा पाव आहे कढईत."

लेक आली तीही थेट चौकातच जेवली. जेवणं आटोपल्यावर फिदेला उलथनं खांद्यावर टाकून घरी निघाली. ते कुठे नेतेस, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. सातुरियोने कढई एकट्याने घासली. उलथनं गेलं ते गेलं, पण ती पोटभर जेवली होती आणि त्याला तेवढं पुरेसं होतं.

दिवस कलताना तो कुत्र्याला घेऊन निघाला. या वेळी रस्ता बदलला नाही. तिच्या दारावर पिशवी टांगलेली होती आणि पिशवीतून लाकडी दांडा बाहेर आला होता. सातुरियोने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि पुढे चालू लागला.

वरची खिडकी उघडली. "डोळे फुटले का? दिसत नाही?"

"तुझ्या दारावरच्या पिशवीला मी आता हात लावायचा नाही."

"लाव," फिदेला म्हणाली. "या वेळी मी देतेय."

सातुरियोने पिशवी काढून छातीशी धरली आणि कढईपाशीच्या सवयीने एक पाऊल मागे सरला.