गौराचा शब्द

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर माझ्या कपाळावरच्या आठीवरून भाजीत मीठ किती पडलंय ते ओळखायची. मग तुम्हालाच का सांगतोय? ठाऊक नाही.

गिरणीच्या भोंग्यावर सोलापूर उठायचं, त्या काळात मी तिथल्या मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत मास्तर होतो. मुलांना तोंडानं बोलायला शिकवायचं, हे आमचं काम. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. ‘प’ नीट निघाला की ती हलायची. आणि एक नियम — हातांच्या खुणांना उत्तर द्यायचं नाही. कळल्या तरी कळल्या नाहीत असं दाखवायचं, म्हणजे मूल झक मारत बोलेल. हा नियम माझ्याइतका कडक कुणी पाळत नव्हतं. मिरवायचो मी, दुसरं काय?

गौरा मंद्रूपची. वडील नव्हते, आईनं आणून सोडलेली. पोर चलाख, पण तिचा ‘प’ काही केल्या येत नव्हता. आणि त्या दिवशी शाळा बघायला साहेबलोक यायचे होते.

सकाळीच ती माझ्यापाशी आली. पोटावर मूठ दाबून पिळल्यासारखी फिरवली. चेहरा पांढराफटक, अंगाला घाम. कुणालाही कळलं असतं. मलाही कळलं — लगेच कळलं. तरी मी पट्टी उचलली.

तिनं माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला. मी तो काढून घेतला. ‘‘ओट,’’ ती म्हणाली. मी मान हलवली. पुन्हा. पुन्हा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तिच्या... आणि एकदाची पट्टी हलली. ‘‘पोट!’’ काय आनंद झाला मला! पाठ थोपटली तिची आणि बाकावर बसवून ठेवली. पाहुण्यांसाठी.

दुपारी त्यांच्यासमोर तिनं तोच शब्द पुन्हा म्हटला. टाळ्या पडल्या. सगळ्यांना वाटलं, पढवलेला शब्द आहे. ती मात्र माझ्या तोंडाकडे बघत होती — आता तरी ह्यांना कळलं का, म्हणून. मी हसत होतो.

संध्याकाळी ती कोसळली. टांग्यातून दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणायला हवी होती. आई येईपर्यंत सगळं संपलं होतं.

‘‘मास्तर, दुखतंय म्हनून सांगितलं न्हाय व्हय तिनं कुनाला?’’ आईनं विचारलं.

‘‘नाही हो,’’ मी म्हणालो. ‘‘काहीच सांगितलं नाही.’’

‘‘कसं सांगनार की. मुकीच लेकरू माजं.’’ मग ती वाकली आणि माझ्या पायांना हात लावला. ‘‘तुमी लई केलं तिच्यासाटी.’’

मी पाय मागे घेतले नाहीत. शाळेतलं कुणी तिच्याशी काही बोलायच्या आत मी तिला मंद्रूपच्या गाडीत बसवून दिलं. घाईघाईनं.

त्यानंतर पेन्शनीपर्यंत मी तीच पट्टी धरत राहिलो. चांगला मास्तर म्हणून नाव झालं. पण कुठलं मूल पोटाशी हात नेताना दिसलं की अजून मी नजर दुसरीकडे वळवतो.

गौरा बोलली होती. तिच्या आईला हे कधीच कळलं नाही. मी कळू दिलं नाही.